सातशे गुणांची बरोबरी

चावून चावून चपटं झालेलं पेनाचं टोपण... लहानपणीही हिचं हेच, आणि आई हसण्यावारी न्यायची. माझं नुसतं पेन हरवलं तरी घर डोक्यावर घ्यायची— थोरलीने नजर पुन्हा पटावर आणली. समोर धाकटी बहीण, मानांकनात सातशे गुणांनी वर. उंटाची तिरकी चाल तिला शिकवली ती थोरलीनेच. पण दोन वर्षांत धाकटी स्पर्धांसाठी गावोगाव जाऊ लागली आणि थोरली चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायला लागली. सुट्टीच्या दिवशी तेवढा खेळ. आज या स्पर्धेत दोघी पहिल्यांदाच समोरासमोर आल्या होत्या.

धाकटीने वजीर सरकवला. घड्याळाकडे गेलेला हात मध्येच थांबला.

“ताई, बरोबरी?”

थोरलीने हात पुढे केला, लगेच. इतक्या लगेच, की पंचही वळून पाहू लागले... आणि छातीत काहीतरी फुलत गेलं. सातशे गुण! बाहेर येऊन तिने आईला फोन लावला.

“बरोबरी? अगं बाई, धाकटीला बरं नाहीये का?”

फुललेलं जागच्या जागी मिटलं. पोटात तीच जुनी जळजळ घेऊन ती शेजारच्या खोलीत शिरली, तर धाकटी तोच डाव पुन्हा मांडून बसलेली.

“ये ना. हे बघ, इथे तू हत्ती द्यायचा होतास. मी तो मारला की घोड्याचा शह, आणि वजीर गेला. संपलेच मी.”

स्वतःचं मरण दाखवत होती, आणि किती सहज— शेजारणीची साडी दाखवावी तशी! ही सहजताही हिलाच मिळावी...

“तुला कधी दिसलं हे?”

“वजीर सोडला नि दिसलं. म्हणून तर विचारलं. घाम फुटला होता गं मला. म्हटलं, ताईला दिसलंच असणार.”

थोरलीने पटावरचा हत्ती उचलला; तिला ही चाल दिसलीच नव्हती. म्हणजे धाकटी घाबरली होती. क्षणभर का होईना, तिला समोर एक बाई दिसली होती, जिच्या नजरेतून काही सुटत नाही अशी... आणि नेमकी तीच मला दिसली नाही. जळजळ शमली नव्हती. पण आता ती धाकटीकडे वळेना. धाकटी ज्या ताईला घाबरली, त्या ताईचाच हेवा वाटू लागला होता.