नाव तेच, ‘स्वर’ दुसरी

सगळा कोड जोडून यंत्रात चढवायचा बिल्ड पुन्हा फेल गेला. काकांनी पडद्यावरची लाल ओळ पुन्हा वाचली. चूक त्यांच्या कोडात नव्हतीच. नव्या सिस्टिमसोबत ‘स्वर’ नावाची लायब्ररी, म्हणजे तयार फंक्शनांचा संच, आली होती, आणि काकांच्या लायब्ररीचं नावही ‘स्वर’च. मशीन सिस्टिमची ‘स्वर’ उचलायचं आणि काकांची फंक्शनं तिच्यात सापडत नाहीत म्हणून अडून बसायचं.

श्रवणयंत्रं बनवणाऱ्या त्या कंपनीत सगळेच त्यांना काका म्हणत. ‘स्वर’ त्यांनी तरुणपणी लिहिली होती, थोरल्या बहिणीला समोर बसवून. ताईला फक्त खालच्या पट्टीतलं थोडंफार ऐकू येई. वरचे आवाज तिथवर ओढून आणायचे, हे ‘स्वर’चं काम. ताईची मान हलेपर्यंत काका आकडे बदलत राहिले होते.

“आपल्या लायब्ररीचं नाव बदलतो,” ते मॅनेजरबाईंना म्हणाले. “दुपारपर्यंत होईल.”

“कशाला काका? सिस्टिमची आयती मिळतेय. आपली काढून टाका.”

“ती वरचे आवाज खाली आणत नाही.”

“तशी गरज असलेले कितीसे उरलेत? आणि जुनं सांभाळायला माणसं कुठायत माझ्याकडे? वरूनच ठरलंय.”

“एक माझ्या घरी आहे. तिचं यंत्र बंद पडलंय. नव्याची वाट बघतेय.”

बाई आवाज उतरवून म्हणाल्या, “एकीसाठी वेगळा बिल्ड यंत्रात चढत नाही. तुम्हाला का सांगायला हवं?”

काकांनी आपल्या ‘स्वर’च्या फाइली स्वतःच पुसल्या. दुसऱ्या कुणी त्यांना हात लावावा, असं त्यांना वाटेना. बिल्ड एका दमात पार पडला. मागे कुणीतरी टाळी वाजवली.

नवं यंत्र घरी आलं. ताईने ते कानात बसवलं आणि डोळे मिटून घेतले.

“येतंय का ऐकू, ताई?”

“छान आहे रे. हलकं आहे अगदी.”

“मी काय विचारलं?”

ती हसली. “हो, बसू जेवायला.”

सकाळी काका आरशासमोर उभे राहिले. ओठ झाकणाऱ्या झुपकेदार मिशा त्यांनी आधी कात्रीने उतरवल्या, मग वस्तरा फिरवला. बाहेर येऊन ते ताईसमोर खुर्ची ओढून उजेडात बसले.

ताईने त्या उघड्या, परक्या ओठांकडे बराच वेळ पाहिलं.

“बोल,” ती म्हणाली. “सावकाश बोल.”