सपाट वाळू

सरहद्दीवरचा दुनहुआंग जिल्हा संपतो तिथे भिंत नाही, नदी नाही. वाळूची पाच हात रुंद पट्टी आहे. ती संध्याकाळी दाताळ्याने सारखी करायची आणि सकाळी तिच्यावर पावलं शोधायची, हे बुरुजावरच्या शिपायांचं काम. बुरुजप्रमुख यिन गू सहा वर्षं तेच करत होता. वाळूचा त्याला वीट आला होता. सुटका दहा दिवसांवर आली होती.

त्या सकाळी पट्टीवर पावलं दिसली, आतून बाहेर गेलेली. उजवी टाच घासत चालणारा बुरुजावर एकच, म्हातारा लेई त्साय. बदली माणूस न आल्याने त्याची सुटका दोनदा लांबली होती. शेवटी कंटाळून पळाला बिचारा.

नियम असा, की पळालेल्याची उरलेली वर्षं बुरुजप्रमुखाने भोगायची. करावं एकाने, भरावं दुसऱ्याने. यिन गूने पावलं मिटवली आणि लाकडी पाटीवर लिहून वरिष्ठांकडे पाठवलं: आज वाळू स्वच्छ, माणसं पुरी.

दुपारी नवा तपासनीस आला. त्याने माणसं मोजली, तर एक कमी. लेई आत, दक्षिणेला सरपणाला गेलाय, असं यिन गूने ठोकून दिलं. उरलेले दोघे शिपाई जमिनीकडे बघत राहिले.

तेवढ्यात उत्तरेकडून लेईच आला. पायांनी हार खाल्ली होती. पलीकडे थांबून त्याने सपाट वाळू पाहिली आणि काय झालं ते ओळखलं.

"कोण रे तो? तुमच्यातला आहे का?" तपासनीसाने विचारलं.

आमचाच म्हणावं, तर पाटी खोटी ठरते, आणि खोट्या पाटीपायी मुंडकं जातं.

"नाही. आमची माणसं पुरी आहेत," यिन गू म्हणाला.

म्हाताऱ्याने एकदा त्याच्याकडे पाहिलं.

"मेंढपाळ आहे, मालक," तो म्हणाला. "मेंढी चुकली. घोटभर पाणी मिळेल?"

तपासनीसाने मानेनेच होकार दिला. यिन गूने आपली पखाल जोर लावून फेकली, पण ती भरलेली, जड होती. ती पट्टीच्या मधोमध पडली.

ती उचलायची तर वाळूत पाऊल पडणार, आणि बुरुजाभोवती जागोजाग उमटलेली तीच घासलेली टाच तपासनीस ओळखणार. यिन गूला स्वतःची शिसारी आली, तरी तो जागचा हलला नाही.

लेई क्षणभर पखालीकडे बघत उभा राहिला. मग तहानलेलाच माघारी वळला.