शामलाचं पोट, चंपतरावांची सही

उद्या सकाळी आपलं पोट कापणार आहेत, एवढंच शामलाला ठाऊक होतं. कापून आत काय करणार, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

"तू इचारलं नाही का वं?" मी म्हटलं. मी तिची मोठी बहीण, धरमपेठेतून डबा घेऊन आले होते.

"कसं इचारू ताई? डाक्टर येते तवा भासरे उभे राह्यते."

झालं. भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, चंपतराव. आमच्याकडे भावजय भासऱ्यांसमोर बोलत नाही आणि भासरे भावजयीकडे पाहत नाहीत. घरात हे निभतं, मधे भिंती असतात. वॉर्डात दोघं एकाच खाटेशी. डॉक्टरांनी विचारावं, दुखतं का? शामलानं पदर ओढून गप्प राहावं, आणि चंपतरावांनी खिडकीकडे तोंड करून उत्तर द्यावं, "नाही, आता आराम हाये." अहो, दुखणं कुणाचं!

तिचा नवरा रुपराव कोराडीच्या वीजघरात. त्याला सुट्टी मिळेना, म्हणून सगळं मोठ्या भावावर सोपवलेलं. माणूस वाईट म्हणावा, तर तेही नाही. व्हरांड्यात सतरंजी टाकून राहत होता. मोसंबी सोलायचा, स्टुलावर ठेवायचा आणि मान खाली घालून निघून जायचा.

मी सिस्टरला विचारलं, "ऑपरेशन कशाचं आहे?"

"त्यांच्या माणसाला सांगितलंय."

"तिला सांगा ना."

"बाई, त्यांच्या माणसानं सही केलीय." आणि तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू दुखणं मीच घेऊन आले होते.

मग व्हरांड्यात चंपतरावांना गाठलं. "भाऊ, ऑपरेशन कायचं हाये?"

"पोटाचं."

"पोटात लय काही असते."

"डाक्टर शिकलेले हायेत, त्यायले समजते," म्हणाले आणि चहाला गेले.

संध्याकाळी मोठे डॉक्टर राउंडला आले. शिपाई "नातेवाईक बाहेर" करत फिरला. मी हलले नाही. चंपतरावांना कुणी हलवलंही नाही, सही केलेला माणूस ना! डॉक्टर बरोबरच्या पोरांशी इंग्रजीत बोलले, शामलाचं पोट दाबून पाहिलं आणि पुढच्या खाटेकडे वळले.

"डॉक्टर, तिला विचारायचं आहे," मी म्हटलं.

"मी हिच्या दिरांना सगळं समजावलंय. गर्भपिशवीत गाठी आहेत, पिशवी काढतोय. सांगितलं नाही का त्यांनी?"

शामलानं माझं मनगट आवळलं. तिला एकच मुलगी. दुसरं मूल हवं म्हणूनच तर ती तपासायला आली होती.

आम्ही सगळे चंपतरावांकडे पाहू लागलो. त्यांचे कान लाल झाले होते. "भावजयीपुढं तो शब्द कसा काढू गा डाक्टर?" ते खिडकीला म्हणाले. "भावालेबी मोघमच सांगतलं."

"तुमच्यानं शब्द निंघत नाही, तर तिची पिशवी काढाले निंघाले?" मी ओरडलेच. आणखीही बोलणार होते, पण शामला उठून बसली. पदर हनुवटीपर्यंत खाली. आतून आवाज आला, "डाक्टर, पोट माह्यं हाये. मले इचारा."

शेजारच्या खाटेवरची म्हातारी घास चावता चावता थांबली.

"नुसत्या गाठीच नाही काढता येत का?" शामलानं विचारलं.

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. मग मोसंबी बाजूला सारून स्टुलावर बसले. "येतात. पण रक्त फार जातं, गाठी परत होऊ शकतात आणि मूल होईलच असंही नाही. पिशवी काढणं सोपं."

"कोणाले सोपं?"

डॉक्टरांना ते आवडलं नाही. "आणि रक्त थांबलंच नाही तर?"

"तर काढा. जिवावर आलं तरच. नाही तर मी उद्या टेबलावर येतच नाही."

"सही झालेली आहे."

"ते त्यायची झाली. माह्यी कोठं झाली?"

डॉक्टर काहीतरी पुटपुटले आणि सिस्टरला नवा कागद आणायला सांगितला. त्यावर तिच्या बोलण्याप्रमाणे लिहिलं. "आंधी वाचून दाखव वं ताई," शामला म्हणाली. मी वाचलं. तिनं पदर न उचलता सही केली, त्यामुळे ती रेघ सोडून तिरपी खाली घसरली. पण होती तिची.

"रक्ताची सोय करून ठेवा," जाता जाता डॉक्टर म्हणाले.

चंपतराव अजून खिडकीलाच चिकटलेले. "तिले म्हणा, रक्त मी देतो."

माझं डोकंच फिरलं. "तुमच्यापासून दोन हातावर बसली हाये ते. तुमीच म्हणा ना!"

ते नुसते घसा खाकरत राहिले. शेवटी पदराआडून हळूच आलं, "ताई, त्यायले सांग, आंधी जेवून घ्या म्हणा. उपाशी पोटी रक्त देऊ नका."

मी कपाळाला हात लावला, आणि तो निरोप दोन हातांवर पोचवला.