उताराकडचा ठोकळा

मी एक जुना सिमेंटचा ठोकळा आहे. मित्रांनो, तुम्ही माझ्यासारख्याकडे कधी निरखून पाहिले नसेल, आणि त्यात तुमचा काही दोष नाही. आमच्यावर जे उभे राहते त्याच्याकडे सगळे बघतात. आम्ही कोणाच्या ना कोणाच्या पायाखालीच असतो.

माझा जन्म नदीकाठच्या एका ठोकळ्यांच्या कारखान्यात झाला. खडी, रेती आणि सिमेंट कालवून साच्यात भरले, वरून ठोकले आणि साचा उचलला, की झालो मी. पण तेवढ्याने कोणी पक्का होत नाही. तिथे पाणी मारणारी एक मावशी होती. ती दिवसातून तीनदा आमच्यावर पाणी शिंपडायची आणि ओल्या गोणपाटाने आम्हाला झाकायची. मुकादम ओरडायचा, "मावशे, बास झालं की! गाडी उभी आहे बाहेर." ती मान वर न करता म्हणायची, "असू दे उभी. कच्चा माल मी देत नसते." एकवीस दिवस तिने मला हलू दिले नाही. मी भरीव, जड आणि चांगला टणक झालो. मला त्याचा अभिमान होता. पुढे जे झाले त्यामुळे आता ते सांगताना वाईट वाटते.

पुढे एका गवंड्याने आम्हा दहा जणांना विकत घेतले. त्याने आम्हाला पाण्याच्या टाकीखाली ठेवले, परांची बांधताना टेकूला वापरले, एका भल्या थोरल्या इमारतीच्या कामावर चार वर्षे राबवले. इमारत झाली. तिच्या दारात फीत कापली, फोटो निघाले, भाषणे झाली. आमची रवानगी गवंड्याच्या घरामागच्या कुंपणाशी झाली. तिथे आमच्यावर शेवाळ चढले आणि गोगलगाई फिरू लागल्या. गवंडी मात्र मनाने चांगला होता. येता-जाता पायाने टोचून म्हणायचा, "पडा रे, येईल तुमचाही दिवस."

तो दिवस त्याच्या बहिणीच्या घरून आला.

गवंड्याची बहीण एका शिंप्याला दिलेली होती. शिंप्याचे दुकान घराच्या पुढच्या खोलीत होते आणि मागे छोटेसे अंगण. या शिंप्याची मोठी ख्याती होती. त्याने शिवलेला कपडा कधी आखूड झाला नाही, कधी सैल पडला नाही. गळ्यात टेप आणि ओठांत टाचणी घेऊन तो दिवसभर उभा असायचा. "सूतभर चूक दाखवा, शिलाई सोडून देतो," असे तो गिऱ्हाइकांना ऐकवायचा, आणि कोणालाच चूक सापडायची नाही.

त्याला बारा वर्षांची एकच मुलगी होती. सायकलवरून पडून तिचा गुडघा मोडला होता. दोन महिने पाय प्लास्टरमध्ये होता. प्लास्टर निघाले तेव्हा गुडघा लाकडासारखा ताठ झाला होता. व्यायाम शिकवणाऱ्या ताई घरी येऊन तपासून गेल्या. त्यांनी स्पष्ट सांगितले, "हिला रोज अर्धा तास कमरेएवढ्या पाण्यात चालवा. पाण्यात भार कमी पडतो, गुडघा वाकायला लागतो. पण हे पुढच्या तीन महिन्यांतच व्हायला हवं. नंतर तो ऐकणार नाही."

पोहण्याच्या तलावाच्या पायऱ्या तिला उतरता येत नव्हत्या. मग एका गिऱ्हाइकाने आपला जुना हौद शिंप्याला देऊन टाकला. लोखंडी नळ्यांची गोल चौकट, तिला दहा पाय, आणि आत निळे जाड प्लास्टिक. जमिनीवर उभा करायचा आणि पाणी भरायचे. शिंप्याने तो त्याच संध्याकाळी उभा केला आणि भरला. सकाळी पाहतो तर दहाही पाय मऊ मातीत रुतलेले, आणि हौद म्हाताऱ्यासारखा कमरेत वाकलेला.

मग सुरू झाला आधार शोधण्याचा खटाटोप. शिंप्याने पायांखाली आधी लाकडी फळ्या सरकवल्या. त्या फुगून उकलल्या. विटा लावल्या, त्यांचा ओलीने भुगा झाला. फरशीचे तुकडे लावले, ते हौद अर्धा भरायच्या आतच टचाटच तडकले. या भानगडीत दोन आठवडे गेले. शेवटी बायको म्हणाली, "अहो, माझ्या भावाला विचारा की. आयुष्य गेलं त्याचं यात."

गवंड्याने एका शब्दावर आम्हाला हातगाडीत घातले. शिंप्याने मला उचलले, बोटांच्या पेरांनी वाजवून पाहिले आणि म्हणाला, "वा! हा खरा ठोकळा. दगड आहे दगड." मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझे कौतुक केले. मी हुरळून गेलो.

गवंडी जाता जाता म्हणाला, "दाजी, मी परगावच्या कामावर निघालोय. तीन आठवड्यांनी येतो. तुम्ही घाई करू नका. अंगण तिरकं वाटतंय मला. येऊन पाणसळ लावून बघतो." पाणसळ म्हणजे जमीन सपाट आहे की नाही हे दाखवणारे गवंड्याचे साधन.

पण तीन आठवडे थांबणार कोण? मुलीचे दिवस जात होते, आणि बापाचा जीव टांगणीला लागला होता. इथवर मी त्याला नावे ठेवणार नाही. त्याने दहा खड्डे खणले आणि आमची पाठ जमिनीशी सपाट येईल असे आम्हाला बसवले. आमच्यावर हौद उभा केला. मग त्याने गळ्यातला टेप काढला. फ्रॉकचा घेर सारखा करताना शिंपी जमिनीपासून वर मोजतात ना, तसा तो प्रत्येक पायाशी उकिडवा बसला आणि जमिनीपासून काठापर्यंत मोजत गेला. दहाही ठिकाणी माप तंतोतंत सारखे! "सूतभर फरक नाही," तो बायकोला म्हणाला. दुकानाची फरशी सपाट असते. अंगण एका बाजूला चार बोटे उतरते होते. जमीनच उतरली तर तिच्यापासून मोजलेला काठही तिच्याबरोबर उतरणार, हे त्याच्या ध्यानातच आले नाही. आणि मी नेमका उताराकडच्या पायाखाली होतो.

तरीही ते एकवीस दिवस सुखाचे गेले. शिंपी मुलीला उचलून हौदात उतरवायचा आणि ती काठ धरून गोल गोल चालायची. तिची आई पाण्याबाहेरून फेऱ्या मोजायची. तिसऱ्या आठवड्यात गुडघा निम्मा वाकू लागला. ताईंनी पाय धरून पाहिला आणि म्हणाल्या, "अशीच चालत राहिलीस ना बाळ, तर जिना पळत चढशील." सगळे पाणी माझ्या बाजूला रेटत होते. माझ्यावरचा पाय रोज थोडा थोडा बाहेर कलत होता. मी जागचा हललो नाही. मला बोलता आले असते तर ओरडलो असतो.

गवंडी परतला आणि हौदाकडे एक नजर टाकून म्हणाला, "दाजी, पाणी बघा. इकडे काठाला लागलंय, तिकडे चार बोटं खाली आहे. आज रिकामा करा. वरच्या बाजूची माती उतरवू, दोन दिवसांचं काम."

शिंप्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मी स्वतः मोजलंय. दहादा मोजलंय. तू मला माप शिकवू नकोस."

गवंड्याने आपली कुदळ आणि घण अंगणातच ठेवले. "विचार करा," एवढे बोलून तो गेला.

दुसऱ्याच दिवशी सकाळी पाय माझ्या कडेवरून घसरला. चौकट वाकली, प्लास्टिक फाटले आणि सगळे पाणी अंगणात लोटले. मुलगी आतच होती. पाण्याबरोबर ती थेट कुंपणापर्यंत वाहत गेली. तिच्या आईने किंकाळी फोडली. पण मुलीला खरचटलेसुद्धा नव्हते. ती चिखलात बसून खदखदा हसत होती. म्हणाली, "बाबा, परत भरू या! उद्याच भरू या!"

तिने स्वतःच वाट करून दिली होती. प्लास्टिकला ठिगळ लावता येत होते, नळ्या सरळ करता येत होत्या, मेहुणा एका हाकेवर होता आणि ताईंनी दिलेल्या मुदतीतले सात आठवडे शिल्लक होते. बापाने एकच शब्द बोलायचा होता.

तो शेजाऱ्यांना म्हणाला, "ठोकळा कच्चा निघाला."

मुलगी मागच्या दारातल्या खुर्चीवर बसली होती. तिने आम्हा दहा जणांकडे बघितले आणि साधेपणाने विचारले, "कुठला, बाबा? सगळे तर अख्खे आहेत."

त्या दुपारी तिची आई बाजारात गेली असताना शिंपी अंगणात आला. त्याने मला खड्ड्यातून उपसून काढले आणि मेहुण्याचा घण उचलला. तीन घावांत मी मोडलो नाही. चौथ्या घावाला माझे दोन तुकडे झाले. तो धापा टाकत वळला, तर मुलगी दारात उभी होती.

खापर अशा रीतीने माझ्या डोक्यावर फुटले. शिंप्याने माझा एक तुकडा दुकानात नेऊन ठेवला. गिऱ्हाईक आले की तो दाखवायचा, "बघा, काय माल देतात हल्ली! पोरीचा जीव गेला असता." लोक हळहळायचे आणि मला शिव्या द्यायचे. ज्या मावशीने माझ्यासाठी मुकादमाशी भांडण पत्करले होते, तिचे कामही त्यांनी वाईटच ठरवले. मला सर्वांत जास्त याचा राग आहे.

गवंडी आला. त्याने माझ्यावरच्या पांढऱ्या घावावरून अंगठा फिरवला. घणाची खूण त्याला कळणार नाही तर कोणाला कळणार? त्याने बहिणीकडे पाहिले. तिने मान खाली घातली. "जमीन तेवढी सारखी करून देतो, दाजी," तो हलकेच म्हणाला.

"जमिनीचा काय संबंध? ठोकळा चांगला हवा."

आणि तो पुन्हा चांगला ठोकळा शोधायला लागला. रोज दुकान बंद करून सायकलवर टांग टाकायचा. एका कारखान्यातला माल त्याला ठिसूळ वाटला, दुसऱ्याचा हलका, तिसऱ्याचा पोकळ. दगडाच्या खाणीवर जाऊन आला, तिथेही नाक मुरडले. आम्हा दहांपैकी नऊ जण अंगणात धडधाकट पडलेले होते. त्याला ठोकळा सापडायलाच नको होता. सापडला असता तर हौद पुन्हा उभा करावा लागला असता, मेहुण्याला पाणसळ लावू द्यावी लागली असती, आणि दहादा घेतलेले माप कुठे चुकले ते सगळ्या घरासमोर दिसले असते. मुलगी पहिले काही दिवस विचारायची, "मिळाला का, बाबा?" मग तिने विचारणे सोडले.

तीन महिने पुरे झाले तेव्हा ताई आल्या. त्यांनी तिला अंगणात खुर्चीवर बसवले आणि पाय हातात घेतला. बराच वेळ दाबून पाहिला. मग खाली ठेवला.

"आता एवढाच वाकेल," त्या म्हणाल्या. "जिना चढताना हाताला आधार लागणार. किती छान चाललं होतं गं तुझं! पाण्यात चालणं मध्येच का सोडलंत?"

शिंपी दारात उभा होता. त्याने गळ्यातल्या टेपची दोन्ही टोके घट्ट धरली होती. मुलीने एकदा त्याच्याकडे पाहिले.

"ठोकळा फुटला होता, ताई," ती म्हणाली. "बाबांनी खूप शोधला. दुसरा चांगला मिळालाच नाही."

मित्रांनो, माझ्यासारखे बोलणारे शेवटी स्वतःसाठी काहीतरी मागतात. मला काही नको. माझी नीट काळजी एकदा घेतली गेली होती, एकवीस दिवस, आणि ती मला पुरली. पण तुमच्या हातून माप चुकले, तर ज्याचे नुकसान होते आहे त्याच्यासमोर त्याच दिवशी "चुकलो" म्हणा. त्या शिंप्याला सात आठवड्यांतही ते जमले नाही. त्या मुलीने मात्र बापाला सांभाळून घेत ताईंना खोटे सांगायला क्षणभरही वेळ लावला नाही.