तक्त्यातले बारा दिवस

ठकी माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. कलाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षात ती एकदा नापास झाली होती. काम अर्धं राहिलं आणि मुदत संपली. या वेळी पुन्हा तसंच झालं तर विद्यालयातून नाव कमी होणार होतं. मग आई इस्त्री करते त्या लाँड्रीत तिच्या शेजारचं टेबल. मालकाने ते तयारच ठेवलं होतं.

म्हणून या वेळी तक्ता मी केला. औषधांच्या कारखान्यात मी पावडरीतलं पाणी मोजते, त्यामुळे घरात हिशेब म्हटलं की सगळे माझ्याकडे बघतात. त्रेसष्ट दिवसांच्या त्रेसष्ट चौकटी आखून तक्ता कपाटाच्या दारावर चिकटवला.

ठकीला घडी केलेल्या कपड्यांचा ढीग करायचा होता. मातीचा, कमरेएवढा, आतून पोकळ, भट्टीत भाजलेला. सगळ्यात वर आईचा कामावरचा ॲप्रन.

"घडवायला दोन आठवडे पुरेत," ती म्हणाली. "वाळायला दीड महिना ठेव."

"दीड महिना काय, तिच्याकडे बघत बसणार?"

"माती आहे ताई. तिला घाई केलेली चालत नाही."

"मागच्या वर्षीही तुझं असंच अंदाजपंचे होतं."

 मी तिच्याकडून मातीची एक सेंटिमीटर जाडीची वडी करून घेतली आणि सकाळ-संध्याकाळ काट्यावर ठेवली. तिसऱ्या दिवशी वजन उतरायचं थांबलं. ढिगाच्या भिंती चार सेंटिमीटरच्या होणार होत्या. तीन चोक बारा. वाळण्याला बारा दिवस लिहिले आणि उरलेले सगळे घडवण्याला दिले. ठकीने त्या दिवसांचं सोनं केलं. शिवणीचे दोरेसुद्धा मोजून घ्यावेत.

अठ्ठावन्नाव्या दिवशी ढीग हातगाडीवरून भट्टीपाशी नेला. भट्टी सांभाळणाऱ्यांना सगळे मामा म्हणतात. त्यांनी वाकून मातीला गाल लावला.

"गार लागतंय. आत पाणी आहे हिच्या. वाफ झाली की फुटेल."

"आज नाही लावली तर?" ठकीने विचारलं.

"पुढचा नंबर परीक्षेनंतर. म्हणजे वरातीमागून घोडं." त्यांनी हात पुसले. "मंद आच ठेवतो. पण भट्टी काही माझी भाची नाही, माझं ऐकायला."

ठकीने माझ्याकडे पाहिलं.

"लावा," मी म्हणाले. "हिशेबाने वाळलीय."

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत मी पावडर वाळवायला बशीत पसरत होते. थर जाड झाला, म्हणून सवयीने निम्मा काढून घेतला. थर दुप्पट झाला तर वेळ दुप्पट नाही, चौपट लागतो. पाण्याला आतून बाहेर यावं लागतं. कॉलेजपासून मला हे माहीत आहे. चौपट जाडीला सोळा पट. तीन दिवसांचे अठ्ठेचाळीस.

ठकीचा अंदाज तीन दिवसांनी चुकला होता. माझा हिशेब छत्तीस दिवसांनी.

मी मामांना फोन केला.

"कालच संध्याकाळी आवाज आला," ते म्हणाले. "उघडल्याशिवाय कसं सांगू? म्हणून कळवलं नाही."

भट्टी निवल्यावर उघडली. मामांनी तुकडे पोत्यात भरून दिले. सगळ्यात मोठा तुकडा तळहाताएवढा होता. पोतं दोघींनी दोन बाजूंनी धरलं. वाटेत मी ठकीला सोळा पटींचं सांगितलं.

"मला कळत होतं," ती म्हणाली. "रोज हात लावत होते. गारच लागायची."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते की. पहिल्याच दिवशी."

पुढे आम्ही फक्त हात बदलायला थांबलो.

घरी आईने पोत्यात डोकावून पाहिलं. कपाटातून आपला जुना ॲप्रन काढला आणि त्याचे बंद नीट आहेत का ते बघत बसली. तक्त्यावर दोन चौकटी उरल्या होत्या. एकीत मी 'मांडणी' लिहिलं होतं, दुसरीत 'परीक्षण'.

रविवारी झोपताना ठकीने विचारलं, "ताई, उद्या किती वाजता उठू?"

"आई सहाला निघते," मी म्हणाले. "साडेपाचला ऊठ."