माझ्या नाकातलं फडकं

मी ट्रक बोलतोय. वय सव्वीस. मध्येच खोकलो तर सांभाळून घ्या. नुकताच एका दुखण्यातून उठलोय.

कारखान्यातून निघालो तेव्हा पिवळाधमक होतो. पहिल्या मालकाने विटा वाहून माझं कंबरडं मोडलं आणि मला मैदानात उभं करून विसरला. आताच्या मालकांनी धुऊनपुसून घरी आणलं. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या बाई, माझ्या काचा पुसताना विचारतात, "दमलास का रे?" असं कोण विचारतं हो ट्रकला?

यंदा धुराच्या तपासणीत मी भस्सकन काळा ढग सोडला.

"आजोबा, आठ दिवसांत सुधारा, नाहीतर थेट भंगारात!" तपासनीस हसला. मालक हसले नाहीत.

बाईंनी व्रत धरलं, "हा पास होईपर्यंत माझ्या चहात साखर नाही."

"धूर त्याचा आणि शिक्षा तुझ्या जिभेला!" मालक म्हणाले.

मिस्त्रीने आधी हवेचा फिल्टर उघडला. नव्यासारखा लख्ख! "इथे काही नाही," म्हणत त्याने डिझेल फवारणारे नॉझल साफ केले, डिझेलचा पंप तपासला. धूर आपला तसाच. मला नुसतं गुदमरत होतं. पण सांगणार कसं?

सातव्या दिवशी मिस्त्रीने हात टेकले. "म्हातारपणाला औषध नाही, मालक."

तेवढ्यात बाई चहा घेऊन आल्या. समोर फिल्टर बघून खुलल्या. "स्वच्छ आहे ना? असणारच! धूळ जाऊ नये म्हणून वरच्या नळीत मी फडकं बसवलंय."

मिस्त्रीला ठसका लागला. "कधी, वहिनी?"

"झाले दोन महिने. फार खोकायचा हो बिचारा."

मिस्त्री केबिनमागे चढला. हवेच्या नळीची टोपी काढून त्याने फडकं ओढलं. दुलईचं अस्तर, दुपदरी, बारीक टाके घातलेलं, धुळीने काळंठिक्कर. मी असा श्वास घेतला म्हणून सांगू!

बाईंचे डोळे भरले. "मीच त्याचा गळा दाबला की!"

"छे गं," मालक म्हणाले, "तू मफलरच बांधलास. जरा वर सरकला, इतकंच."

दुसऱ्या दिवशी मी पास झालो. संध्याकाळी बाईंनी चहात दोन चमचे साखर घातली; मालकांनी गुपचूप तिसरा घातला. धुतलेल्या फडक्याचा आता माझ्या खिडकीला पडदा झालाय.

तुमच्याकडेही कुणी म्हातारं असेल. त्याला पांघरूण जरूर घाला. नाक तेवढं उघडं ठेवा.