डाव्या डोळ्यातला निरोप्या

मी एक जुना निरोप्या आहे आणि स्वस्थ बसणे मला ठाऊक नाही. एका घड्याळजीच्या डाव्या डोळ्यात, मागच्या पडद्यातल्या एका पेशीच्या अंगावर माझी चौकी आहे. डॉक्टर मला इन्सुलिन रिसेप्टर म्हणतात. खरे तर आमच्यातला कोणी फार टिकत नाही. एक झिजला की पेशी त्या जागी दुसरा घडवून बसवते. पण चौकी साठ वर्षांची, म्हणून जुनेपणाचा तोरा मीही मिरवतो.

मित्रांनो, माझे काम सोपे आहे. बाहेरून इन्सुलिन येऊन मला बिलगले, की मी पेशीला आत निरोप धाडतो, 'जगत राहा.' यकृतातले माझे भाऊबंद जेवणानंतर धावपळ करतात आणि मग पाय पसरतात. आम्हा पडद्यावाल्यांना ती चैन नाही. मालक जेवलेला असो वा उपाशी, आमचा निरोप चालूच. शेजारी माझा चुलतभाऊ आहे, इन्सुलिनसारख्याच एका वाढ घडवणाऱ्या द्रव्याचे निरोप घेणारा. घडण आमची सारखीच, वेळप्रसंगी तो माझ्या मदतीलाही येतो.

पुढे घड्याळजीला मधुमेह झाला. औषधे तो आठवण झाली तर घ्यायचा. रक्तात साखर साचत गेली आणि माझे हातपाय गळाले. इन्सुलिन दारात यायचे, पण निरोप आत पोचेपर्यंत विरून जायचा. शेजारच्या दोन पेशी वाट पाहून पाहून विझल्या. माझा जीव नुसता वरखाली होत होता.

मालकाला मात्र याचा पत्ताच नव्हता. भिंग लावायचे ते उजव्या डोळ्याला आणि डावा मिटून घ्यायचा, हा त्याचा चाळीस वर्षांचा शिरस्ता. त्याची मुलगी त्याच बाकावर घड्याळे दुरुस्त करते. ती टोकायची, "बाबा, डोळे दाखवून या ना एकदा."

"हा सेकंदकाटा दिसतोय मला इथून. डोळ्यांना काय धाड भरलीय?"

दिसत होते ते उजव्याला. गिऱ्हाइकांचे कौतुकही त्यालाच. मी आत चडफडत बसे.

एका सकाळी उजव्या डोळ्यात पितळेचा कीस गेला. पाणी थांबेना. मुलीने भिंग पुढे केले. "आज डाव्यानं बघा."

प्रकाश आत आला. होते नव्हते ते बळ मी एकवटले. समोर केसासारखी बारीक स्प्रिंग होती. त्याला नुसता राखाडी डाग दिसला.

"स्प्रिंग कुठं ठेवलीस?"

"तुमच्या चिमट्यातच आहे, बाबा."

त्याने चिमटा हळूच खाली ठेवला. मुलीने दुकान बंद केले आणि त्याला डोळ्यांच्या दवाखान्यात नेले.

डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. "गेलं ते परत येणार नाही. उरलेलं टिकवू. उजव्यालाही सुरुवात झालीय."

आता औषध वेळेवर असते. माझा निरोप पुन्हा आत पोचतो, पूर्वीइतका खणखणीत नाही, पण पोचतो. दर सोमवारी दुकान उघडल्यावर घड्याळजी भिंग डाव्या डोळ्याला लावतो आणि एका जुन्या स्प्रिंगचे वेढे मोजतो. वेढे बारा आहेत.

मित्रांनो, जो अवयव कुरकुरत नाही, त्याचीही विचारपूस करत जा. आम्हाला ओरडता येत नाही हो.

"किती?" मुलगी विचारते. मीही श्वास रोखून असतो.

"सात," तो म्हणतो. "गेल्या सोमवारीही सातच होते."

ती कामाला लागते. मीही लागतो.